आक्षेपार्ह काही नाही

मधल्या बहिणीने लिहिलेला मालिकेचा तो भाग फिरत फिरत आपल्याच टेबलावर येणार, हे थोरल्याला आधीपासून माहीत होतं. आणि तो आलाच.

टीव्ही वाहिनीच्या इमारतीत परीक्षण विभागाला खिडकी नसलेली एक खोली होती. प्रसारित होणारी प्रत्येक गोष्ट आधी तिथून जायची. शिवी आली की तिच्यावर 'टूं' असा आवाज चढवायचा, रक्त दिसलं की ते धूसर करायचं, आणि तेवढ्यानेही भागलं नाही तर तो तुकडाच उडवायचा. थोरल्याची उमेदीची सगळी वर्षं याच कामात गेली होती. घरात मधली त्याला 'कात्री' म्हणायची. "काय कात्री, आज कुणाची जीभ छाटून आलास?" यावर सगळे हसायचे, धाकटी बहीण सगळ्यांत मोठ्याने. धाकटी गेली आणि मधली त्याला नुसतं 'दादा' म्हणायला लागली. थोरल्याला ते जास्त लागायचं.

"बहिणीनं लिहिलंय म्हणून विचारते," विभागाच्या प्रमुख बाई दारातूनच म्हणाल्या. "नको असेल तर दुसऱ्या कुणाला देऊ. कुणी काही म्हणणार नाही तुम्हाला."

"नको. मीच बघतो."

हे परक्या माणसाने पाहावं, ही कल्पनाच त्याला सोसेना. त्याने कानांवर हेडफोन चढवले.

स्वयंपाकघर होतं. एक बाई हलक्या आवाजात फोनवर बोलत होती, दर वाक्यानंतर दाराकडे बघत होती. फोनच्या पलीकडे तिची आई. मग संध्याकाळ. नवरा घरी येतो. बॅग खुर्चीवर ठेवतो, हात धुतो, अगदी शांतपणे टॉवेल जागेवर लावतो आणि मग बोलायला लागतो. ते शब्द कानांत शिरले तसा थोरला खुर्चीत ताठ झाला. अशा शिव्या त्याने या खोलीत हजारदा ऐकल्या होत्या. पण या शिव्यांना एक लय होती. त्या चढत जात होत्या, मध्येच थांबत होत्या, 'हो की नाही? बोल, हो की नाही?' असं विचारत होत्या, आणि उत्तर यायच्या आत चापट बसत होती. मग जिना. धाकटीच्या सासरी होता तसाच, वर जाताना वळणारा. वरच्या पायरीवर बाईची पाठ, नवऱ्याचा हात, आणि खाली धाड. शेवटी एका दाराच्या फटीशी कान लावून उभी असलेली लहान मुलगी.

थोरल्याने हेडफोन काढून ठेवले.

धाकटीचा जिन्यावरून तोल गेला, असं पोलिसांनी लिहिलं होतं. कोर्टानेही तेच मान्य केलं होतं. ही लय मधलीला कुणी सांगितली असेल हे त्याला विचारावं लागलं नाही. त्या घरात तेव्हा तिसरं माणूस एकच होतं. धाकटीची मुलगी, खारू. फ्रॉकच्या खिशात बिस्किटांचे तुकडे साठवून ठेवायची म्हणून आईनेच तिला हे नाव पाडलं होतं. कोर्टात तिने सांगितलं होतं, की बाबांचा आवाज ऐकला आणि मग आई पडली. बापाच्या वकिलाने अगदी प्रेमाने विचारलं, "बाळ, तू टीव्ही बघतेस ना? असं काही टीव्हीवर पाहिलंयस का कधी?" ती म्हणाली, "पाहिलंय." तिथेच सगळं संपलं.

एकच गोष्ट पदरात पडली. मला मामाकडे राहायचंय असं तिने न्यायाधीशबाईंना सांगितलं, आणि त्यांनी ते ऐकलं. तेव्हापासून दर वर्षी त्या तिला एकटीला आत बोलवायच्या, तोच प्रश्न विचारायच्या, आणि तिच्या उत्तरावर ती आणखी एक वर्ष थोरल्याच्या घरी राहायची. आता ती थोरल्याच्या खांद्याला लागत होती.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा आई गॅलरीत वाळलेले कपडे काढत होती. मधलीने तिला आधीच सगळं सांगून ठेवलं होतं. लपवून करण्यातली ती नव्हतीच.

"बघितलंस?" आईने मान वर न करता विचारलं.

"बघितलं."

"फोनचं आहे त्यात?"

"आहे."

आईने उशीच्या अभ्र्याची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. "काय म्हणते ती? त्यातली आई?"

"तू म्हणाली होतीस तेच."

"म्हणजे कसं?"

"'थोडं सांभाळून घे. रागीट आहे, पण मनानं वाईट नाही. तू उलट बोलू नकोस म्हणजे झालं.'"

आई खाली बसली. गुडघे दुखायचे म्हणून ती कधी जमिनीवर बसत नसे. आज बसली. "एवढं कर माझं," ती म्हणाली. "तेवढं काढ. बाकी सगळं राहू दे. त्यानं मारलेलं राहू दे, शिव्या राहू देत, जाऊ दे त्याची चांगली अब्रू चार लोकांत. फक्त माझं काढ."

"आई, ते नाही काढता येत."

"का? तुझ्याच हातात आहे ना?"

"त्यात आक्षेपार्ह काही नाही गं. शिवी नाही, मारहाण नाही. एक आई आपल्या मुलीला समजावते. नियमात नाही बसत ते."

आई त्याच्याकडे बघत राहिली. आपल्या मुलाला ही भाषा कुणी शिकवली, असं काहीतरी तिच्या डोळ्यांत होतं. "नाही ना आक्षेपार्ह?" ती शेवटी म्हणाली. "मग मला जेवण का जात नाही रे?"

थोरल्याने तिच्या मांडीवरचे कपडे उचलले आणि आत नेऊन ठेवले.

मधली आली ती वहिनीबरोबरच. वहिनी म्हणजे थोरल्याची बायको. दातांची डॉक्टर होती, आणि दवाखाना बंद करून येताना तिने मधलीला बसथांब्यावरून गाडीत घेतलं होतं. दोघींनी येता येता काहीतरी ठरवलंय, हे थोरल्याने त्यांच्या चेहऱ्यांवरूनच ओळखलं.

"काय काय जाणार?" मधलीने बसायच्या आधीच विचारलं.

"शिव्या जाणारच. तुलाही ते माहीत होतं लिहिताना."

"आणि?"

"जिन्यावरचा हात."

"आणि पडते ते?"

"ते राहील. कृती दाखवायची नाही, परिणाम दाखवला तर चालतो. हा काही मी काढलेला नियम नाही."

मधली हसली. ते हसणं काही बरं नव्हतं. "म्हणजे ती आपली आपण पडणार. दादा, अरे, पोलिसांनी हेच लिहिलं होतं."

"लोक जेवताना बघतात हे. घराघरांत पोरं असतात."

"लोक जेवतानाच मारतात. आणि पोरं असतातच की तिथं. मी काय बाहेरून आणलंय का काही?"

थोरल्याचा आवाज चढला. "तुला वाटतं मला मजा वाटते यात? माझ्या शेजारच्या टेबलावरच्या माणसानं एक गळफासाचा सीन सोडला होता. चांगला सीन होता, खरा होता, तोही हेच म्हणाला होता. मग एक नवराबायको आले ऑफिसात, शाळेच्या कपड्यांतल्या मुलाचा फोटो घेऊन. भांडायला नव्हते आले. एवढंच विचारलं त्यांनी, की आमच्या आधी तुम्ही पाहिलं होतंत ना हे? मग तुम्हाला काही वाटलं नाही? तो माणूस दुसऱ्या दिवसापासून आला नाही कामावर. ते टेबल मला रोज दिसतं."

मधलीला ते खोटं पाडायचं नव्हतं. "ते मला कळतं," ती म्हणाली. "त्या मुलानं कधी न पाहिलेलं पाहिलं, आणि घात झाला. पण जिनं पाहिलंय, तिचं काय? तिला तू काय झाकून दाखवणार आहेस? दोघांना एकच औषध कसं देतोस तू?"

"मला माणूस बघून कापता येत नाही. एकच टीव्ही सगळ्यांच्या घरी जातो."

"खारूला विचारलंत का कुणी?" वहिनी मध्येच म्हणाली.

"तिला काय विचारायचं? लहान आहे ती."

"ज्या शिव्या तुम्ही पुसणार आहात त्या तिनेच सांगितल्यात. सांगताना लहान नव्हती ती?"

"तेच तर!" थोरला उसळला. "त्या पोरीच्या तोंडून ते शब्द बाहेर काढले हिनं. दुपार दुपार बसून! आता ते सगळ्या गावाला ऐकवायचे? उद्या तिच्या वर्गातली कार्टी मधल्या सुट्टीत तेच एकमेकांना म्हणणार. हसणार. मला ते होऊ द्यायचं नाही. बस."

"तू तिच्यासाठी करतोयस," मधली सावकाश म्हणाली, "का तुला स्वतःला ऐकवत नाही म्हणून करतोयस?"

तेवढ्यात दार वाजलं आणि खारू आत आली. पोहून आली होती, केस ओले, खांद्यावर पिशवी. तिघांनीही एकदम तोंडं मिटली. ती तिघांकडे बघून समजून चुकली आणि सरळ पाणी प्यायला आत गेली. थोरला तिच्या मागे गेला.

"मामा," पाठमोरीच ती म्हणाली, "तू पाहिलास ना आधी? त्यात आवाज आहे ना?"

"कसला आवाज?"

"बाबांचा. म्हणजे त्या माणसाचा." ती वळली. तिच्या चेहऱ्यावर एक बारीकसं, ओशाळलेलं हसू होतं. "ते वकीलकाका म्हणाले होते ना, मी टीव्हीवर पाहिलं असेल म्हणून? आता खरंच टीव्हीवर येणार."

थोरल्याने तिच्या केसांवरून हात फिरवला. "डोकं पूस आधी. सर्दी होईल," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने कापलं. कामात त्याचा हात धरणारं त्या इमारतीत कुणी नव्हतं, आणि हे काम तर त्याने जीव ओतून केलं. शिवीच्या आधीचा श्वाससुद्धा मागे राहू दिला नाही. चापटा गेल्या, हात गेला. बाई वरच्या पायरीवर उभी आहे आणि मग खाली पडली आहे, यांच्यामधला जोड कुणाला सापडणार नाही असा सांधला. हे करताना खारूचं ते ओशाळं हसू त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. पण त्याचा अर्थ त्याने आपल्या सोयीने लावला होता. पोरीला वाटतंय तिला हवंय, पण सोसणार नाही. एखाद्या जखमेवर स्वच्छ कापड घालावं तसं आपण करतोय, असंच त्याला वाटत होतं. फोनचा प्रसंग त्याने पुन्हा एकदा पाहिला. त्यात हात घालायला कुठेच जागा नव्हती.

भाग लागला त्या संध्याकाळी सगळे दिवाणखान्यात जमले. मधली येणार नाही असं वाटलं होतं, पण ती आली आणि दाराजवळच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसली. आई सोफ्यावर, तिच्या शेजारी खारू, पाय वर घेऊन. वहिनी उभीच होती.

फोनचा प्रसंग आला. 'थोडं सांभाळून घे,' पडद्यावरची आई म्हणाली, गोड आवाजात, काळजीने. 'रागीट आहे, पण मनानं वाईट नाही.' तो प्रसंग अथपासून इतिपर्यंत तसाच होता. आई आपल्या तळहातांकडे बघत राहिली.

मग नवरा आला. बॅग ठेवली, हात धुतले, टॉवेल लावला. तोंड उघडलं. टूं. मग टूं, टूं. मग इतके टूं टूं, की शेजारच्या घरातून भिंतीपलीकडून एका लहान मुलाचं खिदळणं ऐकू आलं. बाई रडत होती. का रडत होती ते कळायला मार्ग नव्हता. समोरच्या माणसाचा चेहरा धूसर केलेला नव्हता, आणि आवाज नसला की तो चेहरा नुसता वैतागलेला दिसत होता. दिवसभर राबून घरी आलेला माणूस, आणि समोर रडणारी बायको. मग ती जिन्यात होती. मग ती खाली होती.

दाराच्या फटीशी उभी असलेली मुलगी दिसली. तिच्या कानावर काय पडलं असेल, तर टूं.

जाहिरात लागली. कुणीतरी आवाज बंद केला.

"ती तर घसरली," आई म्हणाली. तिच्या आवाजात आश्चर्य होतं. मग हळूहळू तिला कळत गेलं, आणि ती थोरल्याकडे वळली. "मी तुला काय काढ म्हणाले होते, आणि तू काय काढलंस रे? आता सगळ्यांना वाटणार माझंच बरोबर होतं."

"आई, तूच म्हणाली होतीस की..."

"मी म्हणाले होते त्याची अब्रू जाऊ दे! कुणाची गेली आज? सांग ना. कुणाची गेली?"

मधली उठली. ओरडेल असं थोरल्याला वाटलं होतं, ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. "कोर्टात त्याच्याकडे वकील होता," ती म्हणाली. "आज तू होतास." आणि दार अगदी हलकेच लावून ती गेली.

वहिनी तिच्यामागे जिन्यापर्यंत गेली आणि एकटीच परत आली.

एवढ्यात थोरल्याचा फोन वाजला. घरच्या जावयाचा होता, धाकटीच्या नवऱ्याचा. एरवी तो सुट्टीच्या दिवशी सकाळी करायचा, खारूशी बोलायचंय म्हणून. ती मानेनेच नाही म्हणायची, आणि थोरला सांगायचा की ती बाहेर गेलीय.

"दादा, आत्ताच पाहिलं आम्ही सगळ्यांनी बसून," जावई म्हणाला. आवाज भरून आला होता, आणि तो खरा भरून आला होता हेच वाईट. "खरं सांगतो, हे लिहिलंय असं कळल्यापासून धास्ती घेतली होती मी. आमची आई तर दोन दिवस देवाचं नाव घेत बसलीय. तुम्ही होतात म्हणून. घरातलं घरात राहिलं. हे मी विसरणार नाही."

थोरल्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"खारू आहे का जवळ?"

त्याने फोन कानापासून दूर धरला, आणि बघतो तर खारूने हात पुढे केला होता. तो देईना, तेव्हा तिने हळूच त्याच्या मुठीतून तो काढून घेतला.

"हं," ती म्हणाली. "हो, पाहिला. हं. बरी आहे." मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिली. "बरं," ती शेवटी म्हणाली, फोन टेबलावर ठेवला आणि आपल्या खोलीत गेली.

सकाळी वहिनी दवाखान्यात गेल्यावर खारू थोरल्याच्या समोर येऊन बसली. चेहरा धुतलेला, केस विंचरलेले. कित्येक दिवसांत ती इतकी ताजी दिसली नव्हती.

"मामा, मी बाबांकडे जाईन म्हणते. आता न्यायाधीशबाई विचारतील ना, तेव्हा तसं सांगेन."

थोरल्याने कप खाली ठेवला. "का?"

"बाबांनी काही केलं नसेल तर मग मी त्यांना एकटं कशाला ठेवायचं?"

"अगं, ते मी काढलं!" तो जवळजवळ ओरडलाच. "त्यात हात आहे. आवाज आहे. तू सांगितलेला शब्द न् शब्द आहे. मी कापलं ते. तू आत्ता चल माझ्याबरोबर ऑफिसात, मी तुला सगळं लावून दाखवतो. आत्ता चल."

ती जागची हलली नाही. "तू जे दाखवशील ते मावशीनं लिहिलेलं. मावशीला ते मीच सांगितलं. म्हणजे फिरून माझंच की ते." ती टेबलावरचे पावाचे कण बोटाने गोळा करत होती. "मला वाटलं होतं, एकदा टीव्हीवर आलं की ते माझ्या एकटीच्या डोक्यात राहणार नाही. सगळ्यांचं होईल. पण तसं काही नव्हतंच त्यात."

"होतं. मी सांगतोय ना तुला. मी पाहिलंय."

"तू सीन पाहिलास, मामा. तू तिथं नव्हतास." हे तिने टोचून म्हटलं नव्हतं, जे आहे ते सांगितलं होतं. मग ती थोडी पुढे वाकली. "मला नको दाखवूस. काल मी झोपले, माहितीय? एकदाही उठले नाही. ती पडली असं धरलं ना, की झोप लागते."

थोरल्याने तोंड उघडलं. ते शब्द त्याला पाठ होते, एकेका शिवीची जागा माहीत होती. ते आत्ता, या टेबलाशी म्हणून दाखवावेत, म्हणजे तिला पटेल, असं त्याला वाटलं. पण समोर चौदा वर्षांची पोर रात्रभर झोपून उठलेल्या डोळ्यांनी बघत होती, आणि त्याची जीभ उचलेना.

मग सगळ्यांनी आपापल्या परीने करून पाहिलं. मधली धावत आली, तिला घेऊन दार लावून दुपारभर बसली, आणि बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. "मला म्हणते, मावशी, ते मी मनानंच बनवलं असेल. लहान होते ना मी, टीव्ही फार बघायचे." मधली भिंतीला टेकली. "अरे, त्या वकिलाचंच वाक्य आहे हे. माझ्याकडे वर्षभर एकेक शब्द सांगताना थरथरायची ही." वहिनीने खारूला समजावलं, मग थोरल्याशी बोलणं टाकलं. आईने तर नातीचे पाय धरायचे बाकी ठेवले. फोनवर मी म्हणाले ते खोटं होतं, तुझी आई खरं सांगत होती, मला ते तेव्हाही कळत होतं, असं ती पहिल्यांदाच मोठ्याने बोलली. खारूने तिला उठवून नीट खुर्चीत बसवलं. "असू दे आजी," ती म्हणाली. "तू काही वाईट नव्हतीस बोलली. टीव्हीवर ऐकलं ना मी."

न्यायाधीशबाईंनी तिला एकटीला आत घेतलं. एरवी वेळ लागायचा. या खेपेला ती लगेच बाहेर आली.

न्यायला आला त्या दिवशी जावई अतिशय चांगला वागला. त्याने आईच्या गुडघ्यांची चौकशी केली, वहिनीला नमस्कार केला, बॅगा स्वतः उचलून गाडीत ठेवल्या, खारूसाठी पुढचं दार उघडून धरलं. मधली आली नव्हती. आईला खाली उतरवेना म्हणून ती वरच दारात थांबली होती. फाटकाशी थोरला आणि वहिनी तेवढे उभे होते.

खारू आत बसली. जावई आपल्या बाजूने येऊन बसला, किल्ली लावली, आणि मग तिने पट्टा लावला नाही हे त्याच्या लक्षात आलं. तो ओढून द्यायला त्याने तिच्या खांद्यावरून हात नेला. हात तिच्या तोंडाजवळ आला मात्र, तिची मान आपोआप खांद्यांत गेली, डोळे गच्च मिटले आणि कोपर उचलून चेहऱ्यापुढे आलं. क्षणभरच. पट्टा खट्कन लागला. तिने डोळे उघडले, बापाकडे पाहिलं, आणि काही झालं नाही हे बघून ओशाळं हसली. काचेतून तिचे ओठ हलले. सॉरी, म्हणाली ती.

वहिनीने थोरल्याचा दंड इतका घट्ट धरला की तिची नखं रुतली. "अहो," ती म्हणाली. "अहो, बघितलंत?"

तो दोन पावलं पुढे झाला. हात उंचावला. खारूला तो निरोपाचा वाटला असणार, कारण तिनेही हात हलवला, आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत हलवत राहिली.

दोघं जिना चढून वर आली. आई दाराची चौकट धरून तशीच उभी होती.

"हसली का रे ती जाताना?" तिने विचारलं.

वहिनीने थोरल्याकडे पाहिलं.

"हसली," तो म्हणाला, आणि आईला धरून आत घेऊन गेला.